माहिती साक्षरता समजून घ्यायचीय? मग एक खरा प्रश्न हातात घ्या

लायब्ररी सायन्सच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहिती साक्षरता म्हणजे काय विचारा, पटकन उत्तर येतं: माहितीची गरज ओळखणं, ती शोधणं, तपासणं आणि नीट वापरणं. उत्तर बरोबरच आहे, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीनं १९८९ च्या अहवालात जवळजवळ हेच म्हटलंय आणि आजही बहुतेक ठिकाणी शिकवायला सुरुवात तिथूनच होते. पण हेच उत्तर देणारा विद्यार्थी असाइनमेंट आली की सर्च बॉक्समध्ये विषयाचं नाव टाकतो, वरच्या तीन लिंका उघडतो, त्यातलं उचलतो आणि मोकळा होतो. व्याख्या पाठ आहे, पण ती वापरायची असते हे कुणी दाखवलेलंच नसतं. माझं मत असं की ही संकल्पना नुसती वाचून कळत नाही, स्वतःला पडलेला एखादा प्रश्न शेवटपर्यंत लावून धरला की कळते. आणि सगळ्यांचा भर असतो शोधण्यावर, पण घोडं अडतं ते त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर. आधी प्रश्नच नीट बनलेला नसतो, आणि नंतर सापडलेल्या गोष्टीचा माग कुणी काढत नाही.

इतिहास थोडक्यात बघून घेऊ, कारण परीक्षेत तो विचारतातच. हा शब्दप्रयोग १९७४ मध्ये पॉल झुरकोव्स्की यांनी वापरला. ते इन्फर्मेशन इंडस्ट्री असोसिएशनचे अध्यक्ष होते, आणि अमेरिकेच्या ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या राष्ट्रीय आयोगासाठी लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी हा मुद्दा मांडला. गंमत म्हणजे त्यांच्या डोळ्यासमोर विद्यार्थी नव्हते, कामाच्या ठिकाणी अडचणी सोडवायला माहितीची साधनं वापरणारी माणसं होती. ग्रंथालयांनी ही कल्पना नंतर उचलली आणि आपली केली. त्याआधी ग्रंथालयात वाचक शिक्षण असायचं, म्हणजे कॅटलॉग कसा बघायचा, कपाटं कुठली, पुस्तक किती दिवसांनी परत करायचं. ते आजही लागतं, पण ते त्या एका ग्रंथालयापुरतं. माहिती साक्षरता म्हणजे त्या इमारतीतून बाहेर पडल्यावरही माणसाकडे जे उरतं ते. एवढा फरक डोक्यात पक्का बसला तरी निम्मा गोंधळ संपतो.

आता प्रश्न घेऊ. समजा एखाद्याला वाटतंय की मोबाईलमुळे मुलांची झोप बिघडते. हे आपण सगळेच बोलतो, सगळीकडे वाचतो. पण हा प्रश्न नाहीये, हे एक मत आहे, आणि मत घेऊन शोधायला बसलं की त्या मताला पाठिंबा देणारंच सापडत जातं. म्हणून पहिलं काम शोधायचं नाही, विचारायचं. कुठल्या वयाची मुलं? मोबाईल म्हणजे काय, गेम, चॅटिंग, व्हिडिओ, की नुसता उशाशी ठेवलेला फोन? झोप बिघडते म्हणजे उशिरा लागते, कमी होते, की मधे मधे मोडते? आणि हे कळून मला काय करायचंय, निबंध लिहायचाय, घरात नियम लावायचाय, की शाळेत बोलायचंय? चौथा प्रश्न बरेच जण सोडून देतात, पण किती खोल जायचं आणि कुठल्या प्रकारचा स्रोत लागेल हे त्यावरच ठरतं.

माहितीशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये या टप्प्याबद्दल जे लिहिलं ते मला आजही फार मोलाचं वाटतं. त्यांचं म्हणणं, माणसाच्या मनातली माहितीची गरज चार पायऱ्या उतरून ग्रंथपालापर्यंत येते. आधी नुसती एक रुखरुख असते, शब्दात न सापडणारी. मग मनातल्या मनात अर्धवट वर्णन तयार होतं. मग त्याचा नीट प्रश्न बनतो. आणि शेवटी तो प्रश्न माणूस समोरच्या यंत्रणेला काय कळेल याचा अंदाज घेऊन, कापून-छाटून विचारतो. म्हणून तर काउंटरवर येऊन कुणी "मानसशास्त्राची पुस्तकं कुठेत?" विचारतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला मानसशास्त्र नको असतं, मुलाच्या झोपेबद्दल काहीतरी हवं असतं, पण इथे एवढंच विचारता येत असेल असं त्याला वाटतं. संदर्भ मुलाखत, म्हणजे वाचकाला प्रश्न विचारून त्याची खरी गरज काढून घेणं, आपण शिकतो ती यासाठी. सर्च बॉक्स ही मुलाखत घेत नाही, त्यामुळे ती स्वतःची स्वतःलाच घ्यावी लागते, आणि ती घेता येणं हा माहिती साक्षरतेचा पहिला आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग.

इथेच अजून एक गोष्ट सांगायला हवी. ग्रंथालयशास्त्राच्या संशोधक कॅरल कुल्थाऊ यांनी माहिती शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि त्यांना दिसलं की शोध पुढे जातो तसा आत्मविश्वास सरळ रेषेत वाढत नाही. विषय निवडला की जरा बरं वाटतं, मग वाचायला लागलं की गोंधळ उलट वाढतो, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, आपल्याला काहीच कळत नाही असं वाटायला लागतं, आणि नेमका दृष्टिकोन सापडला की मग हळूहळू स्पष्ट होत जातं. हे माहीत नसलं तर मधल्या त्या गोंधळात बरीच मुलं विषय बदलतात किंवा मिळेल ते चिकटवून मोकळी होतात. तो गोंधळ शोधाचाच भाग आहे, तुमची अक्कल कमी असल्याचं लक्षण नाही, हे प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला कुणीतरी बसवून सांगायला पाहिजे.

बरं, प्रश्न आता असा झालाय: तेरा ते अठरा वयाच्या मुलांमध्ये झोपायच्या आधी फोन वापरल्यानं झोपेच्या तासांवर परिणाम होतो का? यातल्या मुख्य कल्पना तीन, वय, फोनचा वापर आणि झोप. कागदावर तीन रकाने आखा आणि प्रत्येकाखाली तेच सांगणारे वेगवेगळे शब्द लिहा. फोनच्या खाली स्मार्टफोन, मोबाईल, स्क्रीन टाइम, सोशल मीडिया. वयाच्या खाली किशोरवयीन, टीनएजर, शाळकरी मुलं. झोपेच्या खाली झोपेचा कालावधी, झोपेची प्रत, निद्रानाश. लेखांच्या डेटाबेसमध्ये शोधताना हेच शब्द इंग्रजीत लागणार, तेव्हा तेही शेजारी लिहून ठेवा. एका रकान्यातले शब्द ऑरनं (OR, यातला कुठलाही चालेल) जोडायचे आणि कंसात टाकायचे, रकाने एकमेकांना अँडनं (AND, सगळे हवेत) जोडायचे. ऑरमुळे निकाल वाढतात, अँडमुळे कमी होतात, नवीन माणूस नेमका इथे उलटा जातो. नॉट (NOT, हा शब्द असलेलं वगळा) शक्यतो वापरू नका, त्यात कामाचे लेखही उडतात. दोन-तीन शब्द सलग एकत्रच हवे असतील तर अवतरण चिन्हात टाका, आणि शब्दाची वेगवेगळी रूपं एकदम हवी असतील तर शब्दाच्या मुळानंतर चांदणी (*), बऱ्याच डेटाबेसना ती कळते.

यापुढची पायरी म्हणजे विषयशीर्षकं, म्हणजे एका विषयाला डेटाबेसनं ठरवून दिलेलं एकच नाव, आणि इथे लायब्ररी सायन्सवाला खरा कामाला येतो. पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस फुकट आहे, त्यात मेश नावाची ठरवून दिलेली शब्दावली वापरतात. लेखकानं टीनएजर लिहू दे, तरुण लिहू दे नाहीतर हायस्कूलची मुलं लिहू दे, मेशमध्ये ते एकाच शीर्षकाखाली बसवलं जातं. आणि मेशमध्ये ॲडोलसंट म्हणजे १३ ते १८ वर्षं अशी मर्यादाच लिहिलेली आहे, म्हणजे आपल्या प्रश्नातलं वय तिथे आयतं सापडतं. एखादा कामाचा लेख मिळाला की त्याची शीर्षकं बघायची आणि तीच घेऊन परत शोधायचं. शिक्षणाच्या विषयांसाठी एरिक हा डेटाबेस आहे, तोही फुकट. सर्च इंजिन वाईट आहे असं नाही, सुरुवातीला शब्द गोळा करायला ते उत्तमच, पण तिथे क्रम कसा लागला हे तुम्हाला कळत नाही आणि कालचा निकाल आज परत मिळेल याची खात्री नसते.

शोधताना एक वही किंवा साधी शीट ठेवा. कुठे शोधलं, कुठले शब्द टाकले, किती निकाल आले, त्यातून काय शिकलो आणि पुढच्या वेळी काय बदललं. कंटाळवाणं आहे, मान्य, पण शोध एका झटक्यात होत नाही, तो चार-पाच वेळा बदलत बदलत होतो, आणि ही नोंद नसली तर माणूस त्याच गल्लीत परत परत फिरतो.

आता तपासणं. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण इथे शिकवण्याची पद्धत बदलली आहे आणि ते अजून सगळीकडे पोचलेलं नाही. बरीच वर्षं आपण चेकलिस्ट शिकवत आलो. सगळ्यात प्रसिद्ध क्रॅप टेस्ट, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको इथल्या ग्रंथालयात २००४ मध्ये तयार झालेली: माहिती ताजी आहे का, आपल्या कामाची आहे का, लिहिणारा अधिकारी आहे का, अचूक आहे का, आणि हेतू काय. प्रश्न सगळे रास्त आहेत. अडचण अशी की त्यांची उत्तरं लोक त्याच पानावर शोधतात. पान नीटनेटकं, लेखकाचं नाव आहे, खाली संदर्भ दिलेत, संस्थेचं नाव भारदस्त, झाली पास. आणि फसवणाऱ्याला पण ही चेकलिस्ट माहीत असतेच की.

स्टॅनफर्डमध्ये सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी याच गोष्टीवर एक अभ्यास केला, २०१७ मध्ये तो समोर आला. १० इतिहासाचे अभ्यासक, १० व्यावसायिक फॅक्ट चेकर आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी, असे लोक कॉम्प्युटरसमोर बसवले आणि ते वेबसाइट कशा तपासतात ते बघितलं. एका कामात दोन साइट होत्या, दोन्ही बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांच्या, दोन्हींची नावं ऐकायला सारखीच. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टर सदस्य असलेली मुख्य संघटना. दुसरी २००२ मध्ये मतभेदातून वेगळा झालेला छोटा गट. विद्यार्थी आणि बरेच इतिहासाचे अभ्यासकसुद्धा पानावरच रेंगाळले, लोगो, मांडणी, भाषा, संदर्भ बघत बसले, आणि काहींना दोन्ही सारख्याच विश्वासार्ह वाटल्या, बहुतेक विद्यार्थ्यांना तर छोट्या गटाचीच साइट जास्त भरवशाची वाटली. फॅक्ट चेकर मात्र काही सेकंदात ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले, या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघितलं, आणि मगच परत आले. ही आडवं वाचायची सवय. आधी पान खालपर्यंत वाचायचं नाही, आधी बाजूला जाऊन हे कोण बोलतंय ते बघायचं. डिजिटल साक्षरता शिकवणारे माइक कॉलफिल्ड यांनी हीच सवय सिफ्ट नावाच्या चार हालचालींत बसवली: थांबा, सांगणारा कोण ते बघा, याहून चांगलं कुठे लिहिलंय का ते शोधा, आणि दावा जिथून आला तिथपर्यंत मागे जा. शिकवायचं असेल तर आधी हे शिकवा, क्रॅपचे प्रश्न मग आपोआप जागेवर बसतात.

मागे जा म्हणजे काय ते एका उदाहरणावर बघू, आपल्या विषयाला लागूनच आहे. माणसाचं लक्ष टिकायची वेळ २००० मध्ये १२ सेकंद होती, ती ८ सेकंदांवर आली आणि गोल्डफिशची ९ सेकंद आहे, म्हणजे आपण माशाच्याही मागे पडलो. हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणार, मोठमोठ्या वर्तमानपत्रांत छापून आलंय. तिथून एक पायरी मागे गेलं की २०१५ चा मायक्रोसॉफ्ट कॅनडाचा एक अहवाल लागतो, म्हणून लोक सरळ "मायक्रोसॉफ्टचं संशोधन" लिहून टाकतात. पण अहवाल उघडून बघितला तर हे आकडे त्यांच्या पाहणीतले नाहीतच, ते स्टॅटिस्टिक ब्रेन नावाच्या एका आकडेवारीच्या साइटवरून घेतलेत. त्या साइटवर स्रोत म्हणून काही मोठ्या संस्थांची नावं होती. बीबीसीच्या पत्रकारांनी २०१७ मध्ये त्या संस्थांना विचारलं, तर या आकड्यामागचं संशोधन काही हाती लागलं नाही. लक्ष या विषयावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ तर म्हणतात की असा एक सरासरी आकडा काढण्यातच फारसा अर्थ नाही, काम काय आहे त्यावर लक्ष किती टिकतं ते अवलंबून असतं. म्हणजे तीन पायऱ्या उतरलो आणि तळाला काहीच नव्हतं. हा माग काढायला संशोधक असावं लागत नाही, फक्त प्रत्येक पायरीवर "यांना हे कुठून कळलं?" एवढा एकच प्रश्न विचारत राहायचं.

आणि तळाला खरंच शोधनिबंध सापडला तरी काम संपत नाही. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा लेख आला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा, फक्त १२ मुलांवरचा. जर्नल नामांकित, तज्ज्ञांनी तपासून छापलेला. २०१० मध्ये लॅन्सेटनं तो मागे घेतला. पण तो मजकूर जगभर फिरतच राहिला. तेव्हा लेख मिळाला की तो मागे घेतलाय का, त्यात दुरुस्ती झालीय का, त्याच्यानंतर त्याच विषयावर काय आलं, हे बघायचंच. आपल्या झोपेच्या प्रश्नात अजून एक सापळा आहे. बरेच अभ्यास एकाच वेळी मुलांना प्रश्नावली देऊन केलेले असतात, त्यात फोन जास्त वापरणारी मुलं कमी झोपतात एवढंच दिसतं. फोनमुळे झोप जाते, की झोप येत नाही म्हणून मूल फोन घेतं, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी त्याच मुलांना बराच काळ बघत राहणारे अभ्यास किंवा प्रयोग बघावे लागतात, आणि त्याहून बरं म्हणजे अनेक अभ्यास पद्धतशीर गोळा करून तपासणारा रिव्ह्यू शोधायचा. एका अभ्यासावर उडी मारू नका, तो तुमच्या मताच्या बाजूचा असेल तर अजिबातच नको.

वापरण्याबद्दल थोडंच लिहितो. संदर्भ देणं म्हणजे चोरी पकडली जाऊ नये म्हणून केलेली तजवीज असं मुलांना वाटतं, कारण आपण ते तसंच शिकवतो. खरं तर संदर्भ वाचकासाठी असतो, आत्ता आपण जसा माशाचा माग काढला तसा त्याला आपल्या लिखाणाचा काढता यावा म्हणून. त्यामुळे वाचलेलं नसेल ते संदर्भात टाकू नका, आणि दुसऱ्याच्या लेखातून मिळालं असेल तर त्या दुसऱ्याचंच नाव द्या. चॅटबॉटनं दिलेला संदर्भ तर न उघडता कधीच वापरू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेल्या जुन्या खटल्यांचे दाखले दिले, ते खटले अस्तित्वातच नव्हते, आणि कोर्टानं ५,००० डॉलरचा दंड केला. लेखाचं नाव खरं वाटतं, लेखक खरा असतो, जर्नल खरं असतं, फक्त तो लेख कधी लिहिलेलाच नसतो. लेखाला डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) दिलेला असेल तर तो उघडून बघा, तोच लेख उघडतो का, आणि तुम्ही म्हणताय ते त्यात आहे का.

आता मॉडेल, म्हणजे माहिती साक्षरतेचे टप्पे मांडणारे आराखडे. एवढं सगळं करून झाल्यावर मॉडेल वाचा, आधी नाही. बिग सिक्स, स्कोनल या ब्रिटिश विद्यापीठ ग्रंथालयांच्या संघटनेचे सात खांब, एसीआरएल या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेचे २००० सालचे पाच स्टँडर्ड, हे वेगवेगळे पाठ करत बसलं की डोकं फिरतं, पण आपण आत्ता केलेला प्रवास समोर ठेवून वाचलं तर दिसतं की सगळे त्याच रस्त्याचे टप्पे थोडे वेगळे पाडतात. स्कोनलचे सात बघा, २०११ च्या सुधारित रूपात: गरज ओळखणं, आपल्याला काय माहीत नाही ते ठरवणं, योजना, गोळा करणं, तपासणं, नीट ठेवणं, मांडणं. शब्दांचे रकाने आखले ती योजना, वही ठेवली ते नीट ठेवणं.

वेगळं आहे ते एसीआरएलचं फ्रेमवर्क. २०१५ मध्ये आलं, २०१६ च्या जानेवारीत अधिकृतपणे स्वीकारलं गेलं, आणि त्याच वर्षी जुने स्टँडर्ड रद्द केले. त्यात कौशल्यांची यादी नाही, सहा कल्पना आहेत. अधिकार परिस्थितीनुसार ठरतो आणि लोकच तो देतात, माहिती एका प्रक्रियेतून तयार होते, माहितीला मोल असतं, संशोधन म्हणजे विचारत राहणं, विद्वत्ता म्हणजे चालू असलेला संवाद, आणि शोधणं म्हणजे डावपेच आखून केलेला धांडोळा. बऱ्याच ग्रंथपालांना हे अवघड वाटलं, याची परीक्षा कशी घेणार म्हणून नाराजीही झाली, आणि ती चुकीची नव्हती. तरी मला हे पुढचं पाऊलच वाटतं, कारण वेबसाइट तपासायची यादी दहा वर्षांत जुनी होते, पण हे कुणी तयार केलं, कशासाठी, आणि कुणाचा आवाज यात आलाच नाही हे प्रश्न जुने होत नाहीत. माहितीला मोल असतं या एका वाक्यात कॉपीराइट येतो, पैसे भरल्याशिवाय न उघडणारे लेख येतात, आणि ज्यांच्या भाषेत लेखच नाहीत ती माणसंही येतात. युनेस्को आणि इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांच्याशी जोडलेल्या २००५ च्या अलेक्झांड्रिया घोषणेनं माहिती साक्षरतेला माणसाच्या मूलभूत हक्काशी जोडलं, ते याच अंगानं वाचायला हवं.

डिजिटल साक्षरता आणि माध्यम साक्षरता यांच्याशी गल्लत होते, तर एवढंच लक्षात ठेवा की पहिलीचा भर साधनांवर, दुसरीचा माध्यमं काय आणि कसं दाखवतात यावर. युनेस्को माध्यम आणि माहिती दोन्ही एकत्र धरते. परीक्षेपुरता फरक ठीक, प्रत्यक्ष कामात तिन्ही एकमेकांत मिसळलेल्याच असतात.

तुम्हाला हे दुसऱ्यांना शिकवायचं असेल, आणि बहुतेक वेळा तुमच्या वाट्याला एकच तास येतो, तर त्या तासात डेटाबेसची बटणं दाखवू नका. शिक्षकांशी आधी बोलून मुलांची खरी असाइनमेंट घ्या आणि त्या विषयाचा प्रश्न त्यांच्याकडून बनवून घ्या, अर्धा तास त्यातच गेला तरी चालेल. उरलेल्या वेळात एक दावा द्या आणि जोडीजोडीनं त्याचा माग काढायला लावा, कुठपर्यंत पोचले ते फळ्यावर लिहा. आणि मार्क द्यायचे असतील तर शेवटच्या संदर्भयादीला देऊ नका, ती कुठूनही आणता येते, शोधाच्या वहीला द्या: पहिला प्रश्न काय होता, तो कुठे बदलला, कुठला स्रोत टाकून दिला आणि का.